जबाबात न उतरलेला उखाणा

रत्नागिरी, सोमवार, १२ जानेवारी १९३१. सकाळी अकरा वाजता कचेरीत हजर: माझी भावजय, वय वर्षे वीस, तिचे वडील, आदल्या दिवशीच्या मोटारीने लांज्याहून आलेले, त्यांच्याबरोबर आलेले, लग्न लावणारे भटजी, आमच्या आळीतले एक निवृत्त शिरस्तेदार, ज्यांना कचेरीची रीतभात ठाऊक होती, आणि मी. गैरहजर: माझा धाकटा भाऊ, तिचा नवरा. तो आफ्रिकेतल्या एका बंदराच्या गावी शिवणकामाचे दुकान चालवत होता. त्याच सुमारास तिकडच्या अधिकाऱ्यापुढे त्यालाही हेच प्रश्न विचारले जायचे होते.

मी मुलींच्या शाळेत शिक्षिका आहे. हजेरी घेणे आणि याद्या करणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि स्वभावही. त्या दिवशीची यादी अजून माझ्याजवळ आहे, म्हणून एवढे नेमके सांगता येते.

भांडण कशाचे होते ते आधी सांगते. त्या देशात राहणाऱ्या हिंदी माणसाला आपली बायको आणता येते, पण लग्नाच्या सरकारी नोंदणीचा दाखला दाखवून. आमच्याकडे लग्न अग्नीपुढे लागते, गावासमोर लागते, भटजी लावतात, वाजंत्री वाजते. सरकारी वहीत कोणी जाऊन लिहून येत नाही. त्यामुळे भावाने त्या दाखल्याची सूट मागितली. उत्तर आले की सूट मिळेल, मात्र इकडच्या अधिकाऱ्याने चौकशी करून हीच याची बायको आणि एकच बायको असे लिहून दिले पाहिजे, आणि नवराबायकोचे वेगवेगळे घेतलेले जबाब जुळले पाहिजेत.

लोक विचारतात, त्याने स्वतः येऊन तिला का नेले नाही? लग्नाला तो आला होता तो परतीचा परवाना घेऊन. पाच महिने राहिला. मुदतीत परत गेला नसता तर तिथे राहण्याचा हक्कच गेला असता आणि दुकानही. बंदरावर पडावातून आगबोटीकडे जाताना त्याने मला सांगितले होते, "ताई, दिवाळीपर्यंत तिला बोलावून घेतो." पुढे त्याने पुन्हा परवाना मागितला, तर म्हणे बायकोचे प्रकरण चालू असेपर्यंत परवाना देता येत नाही. आणि प्रकरण तर संपत नाही. ही गाठ ज्याने मारली त्याला ती सोडवायची नव्हती, एवढे मला तेव्हाच कळायला हवे होते.

पण तेव्हा माझा कागदांवर विश्वास होता. मी भावजयीची तयारी परीक्षेला बसवावी तशी करून घेतली. विहीर घराच्या कोणत्या अंगाला? परसात माड किती? लग्नात मामा म्हणून मागे कोण उभे होते? नवऱ्याच्या कोणत्या हाताला सुईची जुनी खूण आहे? एकोणचाळीस प्रश्न मी काढले होते. चाळिसावा सुचला नाही.

जबाब घेणारे कारकून पन्नाशीचे होते, सुपारी चघळत लिहीत होते. आम्हां चौघांना दाराशी बाकावर बसवले आणि मध्ये बोलायचे नाही अशी ताकीद दिली. भावजयीने स्वतःचे नाव सांगितले, वडिलांचे सांगितले, गाव सांगितले.

"नवऱ्याचे नाव?"

तिने मान खाली घातली.

"बाई, नवऱ्याचे नाव विचारतोय."

तिने माझ्याकडे पाहिले. चार वर्षे माझ्या घरात राहणारी, आल्यागेल्यासमोर नवऱ्याला 'इकडून' म्हणणारी ही पोर चारचौघांत त्याचे नाव कसे घेणार, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.

तिचे वडील बाकावरून उठले. "ती कशी घेईल, साहेब? मी सांगतो की."

"तुम्हांला विचारलेलं नाही. बसा."

"मी लिहून देऊ का?" भावजयीने हळूच विचारले. तिला लिहिता येत होते, मीच शिकवले होते.

"तोंडी जबाब आहे. लिहायचं काम माझं." कारकुनांनी दौतीत टाक बुडवला आणि शिपायाकडे बघून हसले. "हळदीकुंकवाला घेता ना बायका? मग तसं घ्या. आम्ही काय परके?"

ते थट्टेत म्हणाले होते. भावजयीने ते खरे मानले. पदर सारखा केला, जमिनीकडे पाहिले आणि स्पष्ट आवाजात उखाणा घेतला. नाव इथे गाळते, बाकी जसाच्या तसा देते: "कात्रीनं बेतलं कापड, सुईनं घातली टीप, अमक्यांचं नाव घेते, लिहून घ्या नीट."

शिपाई हसला. भटजी "वा" म्हणाले. कारकूनही हसले आणि काहीतरी लिहिले. मला वाटले, नाव लिहिले. उरलेले सगळे प्रश्न तिने धडाधड सोडवले. शेवटी कारकुनांच्या वरच्या साहेबांना दौऱ्यावर जायचे म्हणून कारकुनांनी जबाब भराभर वाचला आणि तिची सही घेतली. माझ्या यादीत 'जबाब शब्दशः वाचून घेणे' असे लिहिलेले होते. मी ते केले नाही. घाई त्यांची होती, चूक माझी झाली. हे मी कोणावर ढकलत नाही.

सात महिन्यांनी नकार आला. इंग्रजी कागद शिरस्तेदारांनी आमच्या ओटीवर बसून वाचला आणि मराठीत सांगितला.

एक कारण असे की, बाईला नवऱ्याचे नाव सांगता आले नाही. दुसरे असे की, नाव विचारले असता तिने पाठ केलेला मजकूर म्हणून दाखवला, त्यावरून साक्ष पढवलेली दिसते. आणि तिसरे, नवरा घराला पाच पायऱ्या सांगतो, बाई सहा सांगते.

सहावी पायरी मी तो गेल्यानंतर चिरा घालून बांधून घेतली होती. तो गेला तेव्हा पाच होत्या, तो पाच म्हणाला. ती रोज सहा उतरत होती, ती सहा म्हणाली. दोघेही खरे बोलले, म्हणून दोघे खोटे ठरले.

आणि पढवलेली साक्ष! मी पढवली होती ती एकोणचाळीस प्रश्नांची उत्तरे. त्यांतले एकही उत्तर त्यांना पढवलेले वाटले नाही. जे एक वाक्य तिने तिथल्या तिथे स्वतः रचले, ज्यात समोरच्या कारकुनालाच 'लिहून घ्या नीट' असे बजावले, ते मात्र पाठ केलेले ठरले. लग्नाआधी पाठ करून ठेवलेल्या उखाण्यात कचेरीतला कारकून कुठून येईल, एवढा विचार करायला कोणाला सवड झाली नाही.

मी आगबोटीच्या धक्क्यावर साहेबलोकांच्या मडमा उतरताना पाहिल्या आहेत. छत्री, कुत्रा, पेट्या, मागे हमाल. त्यांच्यातल्या एकीलाही कोणी विचारले नाही की बाई, तुझ्या माहेरच्या घराला पायऱ्या किती आणि तुझा नवरा तुझाच कशावरून. त्यांचे लग्न त्यांच्या चालण्यावरून खरे ठरते. आमचे भटजी साक्षीला उभे असतानाही ठरत नाही.

त्यानंतर दोन अर्ज केले. दोन्हींना एकच उत्तर: पूर्वीचा जबाब पाहता विचार करता येत नाही. भावाची पत्रे येत राहिली. आधी पानभर, मग अर्धे पान. एकदा त्याने लिहिले, "दुकानावरची खोली मी दोघांच्या बेताची घेतली होती, ती सोडून लहान घेतली." भावजयीने ते पत्र वाचले आणि त्या दिवशी भात करपवला. तेवढा एकच दिवस.

आळीतल्या तोंडांना काय, काम हवे असते. विहिरीवर एक बाई तिला म्हणाली, "काय गो, इतकी वर्षं झाली. तिकडे दुसरी थाटली असेल हो त्याने."

"असू दे," भावजय घागर उचलत म्हणाली. "तिलाही विचारतील, घराला पायऱ्या किती."

हे सांगताना मला बरे वाटते, पण अशा उत्तराने काही भरून निघत नाही. लग्नात ती सोळा वर्षांची होती. आता सत्तावीस उलटली. त्या अकरा वर्षांत नवऱ्याबरोबर राहिली ते पाच महिने. हा तिचा संसार. तो कोणी मोडलेला नाही, कोणी कोणाला टाकलेले नाही. नुसता दोन टेबलांच्या मध्ये अडकवून ठेवला आहे.

यंदा पावसाळा सरल्यावर तिकडून पत्र आले की, नवा जबाब समाधानकारक आला तर सूट देण्याचा पुन्हा विचार होईल. त्याला मुदत घातली आहे. इथल्या एका वकिलांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला. शिरस्तेदार आता काठी घेऊन चालतात, तरी मुद्दाम आले आणि मोठ्याने वाचू लागले. पहिलेच वाक्य होते: 'मागील वेळी लज्जेमुळे मी माझ्या पतीचे नाव सांगितले नाही, ते आता सांगत आहे.'

"यावर मी सही करणार नाही," भावजय म्हणाली.

शिरस्तेदारांनी चष्मा काढला. "अगो, नुसती भाषा आहे ती कागदाची. नाव घ्यायला आता लाजतेस होय?"

"नाव मी आता दिवसातून दहादा घेईन, काका. कचेरीच्या पायरीवर उभी राहून घेईन. पण घेतलं नव्हतं असं लिहून देणार नाही."

मी चिडले. मी म्हटले, "अगं, एक ओळ आहे. सही कर आणि आगबोटीत बस. खरंखोटं तिकडे नवऱ्याजवळ बसून ठरव."

"वन्सं, मी नाव घेतलं होतं. तुम्ही दाराशी होता."

"होते."

"मग?"

ती पुढे म्हणाली, "आणि यांनी तिकडून प्रत्येक अर्जात लिहिलंय की ती नाव बोलली होती. आता मीच लिहून दिलं की बोलले नव्हते, तर पुन्हा दोघांचे जबाब जुळत नाहीत. तिथं बंदरावर उतरवतील आणि हाच कागद पुढे करतील. मग यांना धक्क्यावरून नुसतं बघून परत येऊ?"

शिरस्तेदारांनी मसुद्याची परत घडी घातली. "वकिलापेक्षा हिला जास्त कळतं," ते म्हणाले. "पण मग घेतलं होतं हे सांगणारा कचेरीतला माणूस हवा. घरच्यांचं नि आम्हां शेजाऱ्यांचं चालायचं नाही."

भटजी वारले. शिपायाची बदली कुठे झाली कोणास ठाऊक. राहता राहिले जबाब लिहिणारे कारकून. त्यांना पेन्शन मिळाली आहे आणि हातखंब्याला, जिथे मुंबईच्या रस्त्याला आपला फाटा मिळतो, तिथे मुलाच्या घरी ते असतात. मी रविवारी मोटारीने गेले. ओळख सांगावी लागली नाही. मला बघताच ते हसले.

"टीप आणि नीट," ते म्हणाले. "बसा, बाई. आमच्या दोन्ही सुना तोच उखाणा घेतात. मीच घरी येऊन सांगितला होता. काय हजरजबाबी पोर. पोचली ना नवऱ्याकडे?"

तिचा संसार जिथे लिहायचा होता तिथे लिहिला नाही, आणि घरी आणून सुनांना वाटला.

"नाही पोचली," मी म्हटले. "तुम्ही तो जबाबात लिहिला नाहीत म्हणून."

त्यांचे हसू गेले. "जबाबात कोणी गाणी लिहितं का, बाई?"

"घ्यायला तुम्हीच सांगितलं होतं."

त्यांनी नजर अंगणाकडे वळवली. मग म्हणाले, "मी शेरा लिहिला होता, उखाणा घेतला असा. वर इंग्रजीत जाताना त्याचं काय झालं ते मला माहीत नाही."

"तेवढंच लिहून द्या. बाईने माझ्यासमोर नवऱ्याचे नाव उच्चारले, एवढं एक वाक्य."

"पेन्शन आहे मला. मुलाला विचारतो. कागद ठेवून जा."

मी दोन प्रती ठेवून आले, एक हरवली तर दुसरी असावी म्हणून. त्याला आज सोळा दिवस झाले. निरोप नाही. मुदतीला तेवीस दिवस उरले आहेत आणि मुंबईहून टपाल तिकडे पोचायचे दिवस वजा केले तर नऊच. भावजयीचा नवा फोटो काढून झाला, तिच्या वडिलांचे निवेदन झाले, घराच्या पायऱ्यांबद्दल गवंड्याचा अंगठा घेऊन झाला. गुरुवारी शाळा अर्धा दिवस आहे. त्या दिवशी भावजयीला बरोबर घेऊन हातखंब्याला जायचे आणि सही झाल्याशिवाय त्यांच्या ओटीवरून उठायचे नाही. सही व्हायची आहे.