मावशीच्या परकरातलं सोंग

लेस्टर पार्डीने स्वतःचा घात करून घेतला तो एका शब्दाने, आणि तोही दुकानात उभ्या उभ्या, हातात दुधाचा डबा धरून.

तीन आठवडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्बर्टातल्या तेलविहिरींच्या कामावर काढून तो आदल्या संध्याकाळीच घरी आला होता. नाताळ तोंडावर होता. सकाळी लव्हीच्या दुकानात शिरतोय तोच गल्ल्यावरच्या लव्हीने टाळ्या वाजवल्या.

"या, उस्ताद! तिकडे कामाला जातोस की तलवारी परजायला?"

तिने फोन पुढे केला. डोळ्यांवर हेडसेट चढवून, गाण्याच्या तालावर अंगावर येणारे ठोकळे दोन तलवारींनी कापायचे, असा तो खेळ. लाल ठोकळा डाव्या हाताने, निळा उजव्या हाताने, आणि त्यावरचा बाण दाखवील त्याच दिशेने. आमचं गाव गल्स आर्म आणि खाडीपलीकडचं बंदर मिळून दहा-बारा जण तो खेळत आणि सगळ्यांचे गुण एका यादीत चढत. यादीत सगळ्यात वर नाव होतं लेस्टरचं. गाणं अकॉर्डियनचं, पायरी शेवटची, आणि एकही ठोकळा सुटलेला नाही.

लेस्टर स्वतः त्या गाण्यात मधल्या पायरीवरच धापा टाकत खाली बसला होता, तेही सोफ्यावर नाही, मांजरावर.

शहाण्या माणसाने म्हटलं असतं, बाई, हे माझं काम नव्हे. पण दुकानात चार माणसं होती, चौघांच्याही नजरेत आदर होता, आणि लेस्टरकडे आदराने बघण्याची गल्स आर्ममध्ये फारशी प्रथा नव्हती.

"हो," तो म्हणाला. "जमलं खरं."

मागे चहाची पेटी काखोटीला मारून बॉइड कियर्ली उभा होता. हा पलीकडच्या बंदराचा. यादीत आत्ताआत्तापर्यंत पहिला.

"जमलं कधी?" बॉइडने विचारलं. "तारीख गेल्या मंगळवारची आहे. मंगळवारी तू अल्बर्टात होतास ना?"

"आधीचंच आहे. यादीवर उशिरा चढलं. आपलं इंटरनेट तुला माहीतच आहे."

"माहीत आहे तर. मग असं कर, जुन्या नाताळला, सहा जानेवारीला, फायर हॉलमध्ये दोन्ही गावांसमोर चढव पुन्हा. मी पण खेळतो. बघू दे लोकांना."

"ये की. मी काय पळून चाललोय?" लेस्टर म्हणाला, आणि दुधाचे पैसे न देताच बाहेर पडला. ते लव्हीने मागाहून वसूल केले.

घरी येऊन त्याने हेडसेट उचलला. पट्टा आवळलेला होता. त्याच्या डोक्यावर निम्मासुद्धा बसेना. आत बघितलं तर उंचीचं माप वीतभर खाली आलेलं. म्हणजे कुणीतरी बुटकं, लहान डोक्याचं माणूस घरात येऊन, लेस्टर नसताना, लेस्टरच्या नावाने खेळून जात होतं. त्याने हेडसेट नाकाशी नेला. पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास.

बायको ग्लेंडा वृद्धाश्रमातल्या पाळीवरून आली तेव्हा तो दारातच उभा होता.

"मी नसताना इथे कोण येतं?"

"थंडी," ग्लेंडा बूट काढत म्हणाली. "दाराची फट बुजव म्हणून गेल्या खेपेला सांगितलं होतं."

"माणूस कोण येतं?"

"हेडली आला होता शेगडी बघायला. डल्सीमावशी येते मांजराला खायला घालायला. का रे? तुझं ते टोपडं कुणी घातलं का? मला नको विचारू. मला घरात आल्यावर आंधळं व्हायची हौस नाही."

हेडली! शेगड्या दुरुस्त करणारा हेडली बुटका होता, त्याचं डोकंही नारळाएवढं, आणि शेगडी दुरुस्त करायला तीन खेपा कशाला लागतात? लेस्टरच्या मनात संशयाचा किडा वळवळला तो वळवळलाच. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर त्याने हेडलीला गाठलं, खेटून उभा राहिला, हनुवटी त्याच्या टोपीला कुठवर लागते ते पाहिलं, आणि हळूच वास घेतला. रॉकेल आणि खारा मासा.

"लेस्टर, राजा," हेडली मागे सरकत म्हणाला, "अल्बर्टात फार एकटं एकटं वाटतं का रे तुला?"

डल्सीमावशीचा विचार त्याच्या डोक्याला शिवलाही नाही. कसा शिवेल? ती ग्लेंडाची मावशी. पण आमच्याकडच्या रीतीने अख्ख्या गावाची मावशी. मासळी कारखाना चालू होता तोवर तिथल्या कँटीनमध्ये रांधायची. कारखाना बंद पडला, नवरा अँब्रोझ गेला, आणि मावशीकडे उरला तो फक्त संशय. तो मात्र तिने जपून वाढवला. टीव्ही बंद केला की ती त्यावर टॉवेल टाकते, कारण तो बघतो. फोन पावाच्या डब्यात ठेवते, कारण तो ऐकतो. हवामानखात्यावर तिचा विश्वास नाही आणि पाद्रीबाबांवर फक्त रविवारी. गावानेही तिची परतफेड केली आहे. पत्त्यांत ती इतकी जिंकते, की शेवटी लोकांनी तिला बाह्या कोपरापर्यंत वर करून बसायला लावलं. ती तशी बसली, आणि तशीच जिंकली.

नाताळ उलटला आणि वेष पालटून, तोंड झाकून हिंडायचे सोंगांचे बारा दिवस सुरू झाले. लेस्टरने सराव करून पाहिला. भिंतीला टेंगूळ आणलं, दिव्याचा गोळा फोडला, गाणं काही सरेना. शेवटी त्याने सापळा लावला. एक दिवस दुपारी मोठ्याने ओरडून ग्लेंडाला सांगितलं, "लाकडं आणायला रानात चाललो गं, संध्याकाळीच येईन!" स्नोमोबाइल घरघरत वळणापलीकडे नेली, तिथेच सोडली, आणि बर्फातून गुडघे काढत मागच्या खिडकीशी आला. ग्लेंडा तोवर कामावर गेली होती.

खोलीच्या मधोमध चिंध्यांनी विणलेली एक छोटी चटई पसरलेली होती. ती चटई त्याने आल्या दिवशीच कोपऱ्यात पाहिली होती आणि मांजराची समजून लाथेने सरकवली होती. आता तिच्यावर, जाड लोकरीच्या मोज्यांत, एप्रन बांधून, डल्सीमावशी उभी होती. हेडसेट डोळ्यांवर. गालात गोळी.

तलवारी म्हटल्या की लेस्टरचे दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरत. मावशीचे कोपर कमरेपासून हलत नव्हते. फिरत होतं ते मनगट. खाली, वर, आडवं, तिरपं. खेळात समोरून भिंत आली की ती खुर्चीत बसता बसता विचार बदलल्यासारखी जरा गुडघ्यांत वाकायची आणि उठायची. पाय चटईच्या बाहेर एकदाही गेला नाही. चटईची कड मोज्याला लागली की तिला कळायचं, आपण हलतोय.

लेस्टर दार उघडून आत गेला. मावशीने मान वळवली नाही.

"बूट काढ. आणि गाणं संपेपर्यंत बोलू नकोस."

गाणं संपलं. तिने हेडसेट कपाळावर सरकवला.

"मावशी! तू?"

"मग काय पोप?" ती म्हणाली. "तू हे यंत्र आणलंस तेव्हाच म्हटलं, डोळे झाकणाऱ्या वस्तूचा भरवसा नाही. पुढे कॅमेरे आहेत त्याला, चार. म्हटलं, घालून तरी बघावं कोण कोणाकडे बघतंय. तर आत ठोकळे! माझ्या अंगावर! मला राग आला."

"आणि रागाने शेवटच्या पायरीपर्यंत गेलीस?"

"आधी हरले. रोज हरले. मग गाणं निम्म्या वेगाने लावायची सोय सापडली, त्यात हरले. मग कळलं, जो ठोकळा नाकाशी आलाय त्याच्याकडे बघायचंच नाही. त्याच्या मागून कोण येतोय तो बघायचा. जवळच्यावर नजर ठेवून कुणाचं भलं झालंय?"

"कारखान्यात सुरी चालवायचीस, त्याचा हात असेल."

"मी कारखान्यात सूप ढवळायचे."

"मग विणकामाचं मनगट..."

"विणते ग्लेंडाची आई. मला टाका येत नाही. तुम्हाला सगळ्यांना कारणच हवं असतं रे? म्हातारी रोज उभी राहिली, रोज हरली, हे पुरत नाही?"

लेस्टर चटईच्या कडेला बसला आणि दुकानातली सगळी कहाणी ओकला. मावशीने ऐकून घेतलं. गोळी या गालातून त्या गालात गेली.

"म्हणजे पराक्रम माझा, नाव तुझं, आणि आता हॉलमध्ये हातही माझेच हवेत."

"सोंग घेऊन जायचं, मावशी. माझे कामाचे कपडे तू घालायचे. तोंडावर उशीचा अभ्रा. सगळ्यांना वाटेल मीच."

"आणि तू?"

"मी तुझा परकर घालतो."

मावशीने हेडसेट काढून एप्रनने पुसला. मग म्हणाली, "दोन टर. मारलेले, पिसं काढून साफ केलेले. पिसं तू काढायची, ग्लेंडाने नव्हे." टर म्हणजे आमच्याकडचा काळा-पांढरा समुद्री पक्षी, खायला स्वर्ग, पिसं काढायला नरक. लेस्टरने छातीवर हात ठेवून कबूल केलं.

"आणि एक. सोंग घेतलं की मी सोंगाच्या नियमाने वागणार. खोटी मान डोलावणार नाही."

घाईत लेस्टरने तेही कबूल केलं. कबूल काय करतोय हे त्याने ऐकलंच नाही.

जुन्या नाताळच्या संध्याकाळी फायर हॉलमध्ये बंब बाहेर काढून जागा केली होती. दोन्ही गावं लोटली होती. बॉइड खेळला, आणि चांगला खेळला. दोन ठोकळे सुटले फक्त. तेवढ्यात दार थडाथड वाजलं आणि सोंगं आत घुसली: घोड्याचं डोकं, परकर नेसलेले दाढीवाले, पोटाला उशा, पाठीला कुबड, तोंडावर जाळीचे पडदे. श्वास आत ओढत बोलायचं, म्हणजे आवाज ओळखू येत नाही. नियम सगळ्या पोरासोरांना पाठ असतो: लोकांनी बरोबर नाव घेतलं तर पडदा वर करायचा, चुकलं तर मान हलवायची. आणि नाव घेतलं जायच्या आत ज्याने स्वतःहून पडदा काढला, त्याला नाताळभर तोंड दाखवायला जागा नाही.

नारिंगी कामाच्या कपड्यातलं एक सोंग सरळ मधोमध आलं. बूट मोठे, टोपी उंच, पोट उशीचं. बगलेतून चटई काढून जमिनीवर पसरली. अभ्र्यावरूनच हेडसेट चढवला.

"लेस्टर, आता चटई लागते होय रे!" बॉइड ओरडला. लोक हसले.

मग गाणं सुरू झालं आणि हळूहळू हसू बंद झालं. भिंतीवरच्या पडद्यावर ठोकळे दुभंगत होते, आणि नारिंगी सोंग जागच्या जागी, जणू कुणाच्या तरी घरी पाहुणं आल्यासारखं, उभं होतं. मागच्या बाकावर, परकर नेसून, शाल पांघरून, तोंडावर पडदा ओढून, कुबड काढून बसलेल्या लेस्टरला घाम फुटला होता. अर्धा भीतीचा, अर्धा मावशीच्या लोकरीच्या चोळीचा. शेवटचा ठोकळा कापला गेला. एकही सुटला नाही.

"लेस्टर!" हॉल गरजला. "लेस्टर! लेस्टर!"

सोंगाने मान हलवली. नाही.

मग बॉइड उठला. "मला वाटलंच होतं. लेस्टर नाही, तर आहे कोण? बाहेरून माणूस आणलाय."

"हेडली!" कुणीतरी म्हणालं. नाही. "ग्लेंडा?" ग्लेंडा चहाच्या किटलीमागून म्हणाली, "मी इथे आहे, बावळटा." लव्हीचा भाऊ. नाही. पाद्रीबाबा. नाही. नावं संपत आली. लोक एकमेकांकडे संशयाने बघू लागले. नवऱ्यांनी बायका मोजल्या. डल्सीमावशीचं नाव एकानेही घेतलं नाही. तिचा परकर मागे बाकावर बसलेला सगळ्यांना दिसत होता.

अभ्र्याच्या भोकातून दोन डोळे मागच्या बाकावर रोखलेले होते. मावशीचा श्वास आत कोंडला होता, अभ्रा नाकाशी आत-बाहेर होत होता, आणि बुटांतले पाय थकून चटईवर हलायला लागले होते. लेस्टरने ते पाहिलं. गप्प बसलं तर नाव कुणालाच सापडणार नाही, आपली लबाडी नुसत्या संशयावर निभावून जाईल. मावशी मात्र हॉलभर नाही नाही करत तशीच घरी जाईल, जिंकून, बिननावाची.

त्याने स्वतःचा पडदा काढला. परकर सावरत उभा राहिला.

"डल्सीमावशी," तो म्हणाला. "ती डल्सीमावशी आहे. यादीवरचंही तिचंच आहे. मी मधल्या पायरीवर मांजरावर बसतो."

हॉल इतका हसला, की बाहेर बंबावरचं बर्फ घसरलं म्हणतात. नारिंगी सोंगाने हेडसेट काढला, अभ्रा ओढून काढला. केस घामाने चिकटलेले.

"एवढा वेळ?" मावशी म्हणाली. "आत जीव गेला माझा."

बॉइडने हेडसेट हातात घेतला, उलटा केला, पट्ट्यात बोट घालून पाहिलं, मावशीला बाह्या वर करायला सांगितलं. तिने केल्या. मग तो लेस्टरकडे वळला.

"मी एका म्हातारीकडून हरलो. तू तिच्या परकरात हरलास. मला चालेल."

यादीवर आता नवं नाव आहे: डल्सी. लेस्टरने ते स्वतः घातलं. आणि ती घरी येते तेव्हा पट्टा तो आधीच आवळून ठेवतो. पण परकर धुऊन परत केला म्हणून सगळं फिटत नाही. दोन टर त्याने मारले खरे, परवाच, होडीतून. ते मागच्या पडवीत खिळ्याला टांगलेत, पिसांसकट. उद्या त्याचं अल्बर्टाचं विमान आहे. मावशी मांजराला खायला घालायला आली, की आधी त्यांच्याकडे बघते, मग त्याच्याकडे.

"आज काढतो, मावशी," तो म्हणतो.

"हो," मावशी म्हणते, आणि गोळी या गालातून त्या गालात घेते.