ओढ्यातले केस

हिमायतनगरजवळच्या एका खेड्यात सिंधू एकटीच राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. केस मात्र गुडघ्यापर्यंत, काळेभोर. धुणं झालं की ती ओढ्यावरच न्हायची.

गेल्या पावसाळ्यात ओढ्यात काळे केस दिसू लागले. हातभर लांब आणि जिवंत! वळवळत एकमेकांत गुंतायचे. त्याच सुमारास शेजारच्या बसवंतची म्हैस ओढ्यावर पाणी पिऊन आली आणि संध्याकाळपर्यंत मेली.

"सिंधीच्या केसात जीव भरलाय," बसवंत पारावर म्हणाला. "करणी हाय ही."

कुणी तिला मारलं नाही. पण ती ओढ्यावर आली की बाया धुणं उचलून निघून जात. सोयाबीन काढायलाही कुणी बोलावेना. एका सकाळी सिंधूनं केस कापून चुलीत घातले. ओढ्यात ते दिसतच राहिले.

उपकेंद्रातली नर्स पंचशीला तेवढी तिच्याकडे यायची. तिनं एक केस बाटलीत धरला आणि नांदेडला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या श्रीशैल सरांना नेऊन दाखवला.

सरांनी भिंगातून पाहिलं. "अंगावर गांडुळासारखी वळी नाहीत. हा केसकृमी. रातकिड्याच्या पोटात वाढतो, मोठा झाला की पाण्यात बाहेर पडतो. माणसाला, जनावराला काही करत नाही."

पंचशीलानं पारावर पाण्याचं घमेलं ठेवलं आणि ओढ्याकाठचे रातकिडे एकेक करून त्यात सोडले. बऱ्याच किड्यांतून काही निघालं नाही. मग एकाच्या पोटातून काळा दोरा उलगडत बाहेर आला. सगळे वाकून बघू लागले.

"मंग माही म्हैस कशानं मेली?" बसवंतनं विचारलं.

"घटसर्प असंल, पावसाळ्यात जनावरांना होतो तो," पंचशीला म्हणाली. "लस टोचली होती का?"

बसवंतनं नकारार्थी मान हलवली.

पंचशीला धावतच सिंधूकडे गेली, सगळं सांगितलं. सिंधूनं ऐकून घेतलं.

"मला तर वाटून राहिलं होतं, माझ्यातच काही हाय. नवराबी त्यानंच गेला."

"आता कळलं ना, अक्का?"

"हाव. कळलं."

दुसऱ्या दिवशी बाया तिला कामाला बोलवायला आल्या. ती दारापर्यंतही आली नाही. दिवाळीत भावानं तिला मुदखेडला नेलं.

पुढे पंचशीला एकदा भेटायला गेली. सिंधूचे केस मानेपर्यंत आले होते. तिनं चहा ठेवला. भाऊ हळूच म्हणाला, "बाई, न्हाऊन झालं की गळालेले केस वाटीत पाण्यात टाकती. बघत बसती लई वेळ."

पंचशीलानं सिंधूला त्यावर काही विचारलं नाही. गाडीची वेळ होईपर्यंत दोघी पावसापाण्याचं बोलत बसल्या.