साखळी आबांच्या हातात होती

"डॉक्टरीण बाई, कुत्र्याचंबी पोस्टमार्टम करत्यात व्हय?"

सखाराम आबा दारात उभे होते. शाळेतून रिटायर झालेले शिपाई. हातात चादरीत गुंडाळलेली त्यांची कुत्री, चिमी. आबांची बायको गेल्यापासून घरात ती दोघंच होती.

मी शिरूर तालुक्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर आहे. करतात म्हटलं, पण पोलिसांचं पत्र लागतं. तेवढ्यात हवालदार आलेच. मांडवगण फराट्याच्या रस्त्यावर भरदुपारी एका पिकअपने चिमीला उडवलं होतं. ड्रायव्हर इतका प्यायलेला की त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. गावकऱ्यांनीच धरून दिला.

"ड्रिंक अँड ड्राइव्हची केस होईल, मॅडम. कुत्र्याचं काही होत नाही."

"का नाही? नव्या न्याय संहितेत कलम तीनशे पंचवीस आहे. जनावर मारलं तर पाच वर्षांपर्यंत कैद."

"मुद्दाम मारलं तर. ह्याला गाडी कुठं चाललीय तेच कळत नव्हतं."

कायद्याने त्यांचं बरोबर होतं. प्यायलेला माणूस मुद्दाम मारत नाही, तो नुसता मारतो.

मग हवालदारांनी विचारलं, "आबा, तुम्ही कुठं होता तवा?"

"तिच्यासंगंच. साखळी हातात हुती की." आबांनी तळहात पुढे केला. साखळीनं सालटं निघालं होतं.

हवालदारांनी लगेच पेन काढलं. "मग तुमच्या जिवाला धोका होता. बेदरकार गाडी चालवणं. कलम दोनशे एक्क्याऐंशी बसतं."

"माझ्या जिवाचं ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "मेली ती हाय. तिचं लिवा."

माझ्या आग्रहाखातर हवालदारांनी तीनशे पंचवीसही लावलं. मी पोस्टमॉर्टेम केलं. बरगड्या तुटलेल्या, लिव्हर फुटलेलं. हृदय मात्र ठणठणीत. आणखी तीन-चार वर्षं सहज जगली असती. हे रिपोर्टमध्ये लिहायची गरज नव्हती. लिहिलं.

काही महिन्यांनी मला साक्षीचं समन्स आलं. शिरूरच्या कोर्टात आम्ही दुपारपर्यंत बाकावर बसून होतो. मुद्दाम मारल्याचा पुरावा नाही म्हणून तीनशे पंचवीस आधीच वगळलं होतं. बाकी गुन्हा ड्रायव्हरने कबूल केला. दंड झाला, लायसन सस्पेंड झालं. माझी साक्ष झालीच नाही.

बाहेर ड्रायव्हर आबांच्या पाया पडायला वाकला. शुद्धीवर होता, रडत होता. "आबा, मला काहीच आठवत न्हाई."

"मला आठवतंय," आबा म्हणाले आणि पाय मागे घेतले.

निकालाची प्रत त्यांनी माझ्या हातात दिली. "ह्यात चिमीचं काय लिवलंय, वाचून दावा."

मी दोनदा वाचली. एका ओळीत 'एक पाळीव कुत्री' एवढंच होतं. तेच वाचून दाखवलं. आबांनी मान हलवली आणि स्टँडकडे निघाले.

आता गाडीखाली आलेलं जनावर कोणी आणलं की मी आधी आणणाऱ्याला विचारते, तुम्ही किती जवळ होता, तुम्हाला कुठं लागलं. तेवढं पोलिसांना लिहून देते. केस त्यावरच उभी राहते. मेलेल्या जनावरावर नाही.