खांबेटे सरांच्या आठ बाटल्या

श्यामसुंदर खांबेटे आमच्या बिबवेवाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि त्याचा त्रास शेजारच्या वर्गात मराठी शिकवणाऱ्या मला व्हायचा. ध्वनीची लहर कळावी म्हणून ते पोरांना ओळीत उभं करून पहिल्याला ढकलत. शेवटचा माझ्या वर्गात येऊन पडे. तारेचं कंपन दाखवायला बाकांना सायकलच्या ट्यूबा ताणून बांधत. नुसता खडू हातात दिला, तर मात्र या माणसाची बोबडी वळायची.

१९८४ साली मी वैतागून तक्रारीचा अर्ज केला. तपासनीस साहेब यायचे ठरले. त्यांना पटलं नाही तर प्रयोग कायमचे बंद, असं मुख्याध्यापकांनी खांबेट्यांना बजावलं. त्यांचं तोंड इतकंसं झालं. मला वाईट वाटलं, पण अर्ज मागे घेतला नाही. पुण्यात तशी पद्धत नाही.

आदल्या संध्याकाळी खांबेट्यांनी सरबताच्या आठ बाटल्यांत कमीजास्त पाणी भरून, फुंकून फुंकून सप्तक जुळवलं. सकाळी साहेबांसमोर आठ पोरांनी बाटल्या फुंकल्या आणि आठहीतून सा निघाला.

"पाणी सारखं कुणी केलं?" खांबेटे ओरडले.

"म्या," शाळेचं पाणी भरणाऱ्या सोजरबाई दारातून म्हणाल्या. "खालीवर दिसत हुतं. सायेब येनार म्हनून नीट लावलं."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. खांबेटे मटकन खाली बसले.

"आता बसताय काय, सर? कसा आवाज पायजे त्यो गावा. मी भरते."

खांबेटे सा गायले. सोजरबाईंनी बाटली रिकामी केली, डोळे मिटले आणि तांब्याची बारीक धार धरली. बाटली भरेल तसा धारेचा आवाज चढत गेला. सूर जुळताच त्यांनी हात आखडला. अशा आठही भरल्या. पोरांनी फुंकल्या. नी जरा बेसूर निघाला, पण तो खांबेट्यांच्या गळ्याचा दोष.

"बाई, हे कुठं शिकलात?" साहेबांनी विचारलं.

"नळावर. पहाटं अंधारात हंड्यातलं पानी दिसतंय व्हय? कानानंच बघायचं."

"अहो, हवा!" खांबेटे उडी मारून उठले. "पाणी वाढलं, हवेला जागा कमी उरली, म्हणून सूर चढला!" तास संपेपर्यंत पोरांनी शाळेतलं प्रत्येक भांडं डोळे मिटून भरलं. साहेबांनीही एक बादली भरली आणि बूट भिजवून घेतले.

जाताना त्यांनी माझ्या अर्जावर शेरा मारला: 'प्रयोग चालू ठेवावेत. तक्रारदारांनी आपली खिडकी लावून घ्यावी.'

निवृत्त होईपर्यंत मी ती एकदाही लावली नाही.