ऐकू आलेली ठिणगी

मी घरोघर जाऊन काम करणारी नर्स आहे. कुणाचं ड्रेसिंग बदलायचं, कुणाला इंजेक्शन द्यायचं, म्हाताऱ्या माणसांचं थोडं ऐकून घ्यायचं आणि पुढचं घर गाठायचं, असा माझा दिवस. या फिरण्यासाठी वडिलांची जुनी गाडी वापरते. ती माझ्यापेक्षा थोडीच लहान आहे आणि स्वभावाने माझ्यापेक्षा बरीच हट्टी.

त्या वर्षी माझ्याकडे एका काकूंचं काम होतं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, जखम भरायला वेळ लागत होता. तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत काकूंची खाट, खिडकीशी लाकडी खुर्ची आणि खुर्चीत काका. काकांना सगळे मिस्त्री म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं होतं. मग साखरेच्या आजाराने डोळे गेले. उजेड-अंधार तेवढा कळायचा. दुकान बंद झालं, हत्यारं ज्याला हवी त्याला देऊन टाकली आणि सहा वर्षं ते गुडघ्यांवर हात ठेवून त्या खुर्चीत बसले होते.

मी आले की "या" म्हणायचे, निघाले की "बरं." तीन आठवड्यांत आमचं बोलणं एवढंच. एकदाच त्यांनी विचारलं, "सिस्टर, तुमची गाडी मधेच ठेचकाळते का?" मी म्हटलं, हो, पण गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी ठिणगीसाठी लागणारी कॉइल नवी बसवलीय.

काकू एकदा पट्टी बदलताना मला हळूच म्हणाल्या होत्या, "डोळे गेले ते त्यांनी सोसलं. हात रिकामे झाले ते सोसवेना."

एका सकाळी काम आटोपून मी बाहेर आले, किल्ली फिरवली आणि गाडी सुरूच होईना. इंजिन फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं. चार-पाच वेळा प्रयत्न केल्यावर खिडकीतून आवाज आला. "थांबा आता. उगाच बॅटरी उतरवाल."

काका भिंतीला हात लावत दारात आले होते. बारा वाजायच्या आत मला पलीकडच्या वस्तीत एका आजोबांना इंजेक्शन द्यायचं होतं, म्हणून मी गॅरेजला फोन लावायच्या बेतात होते. ते म्हणाले, स्टार्टर चांगला जोरात फिरतोय, म्हणजे बॅटरीला काही झालेलं नाही. मग मला हात धरून गाडीच्या मागे न्यायला सांगितलं. तिथे वाकून त्यांनी धुराच्या नळीचा वास घेतला.

"पेट्रोलचा वास येतोय. पेट्रोल पोचतंय, पण जळत नाही. ठिणगी पडत नसेल. तुम्हाला घाई आहे का?"

मी घड्याळाकडे पाहिलं. सव्वादहा झाले होते. गॅरेजवाला आला तरी तास गेलाच असता. आजोबांच्या सुनेला उशीर होईल असा फोन करून टाकला आणि म्हटलं, "नाही काका. काय करायचं ते सांगा."

काकूंनी खाटेखालच्या डब्याचा पत्ता सांगितला. सगळी हत्यारं गेली तरी त्या डब्यात थोडं काही उरलं होतं. एक पक्कड, प्लग काढायचा पाना, पातळ कानस आणि टेस्टिंगचा बल्ब. बल्बला लांब वायर आणि चिमटा, दुसऱ्या बाजूला टोकदार सळई. काकांनी तो हातात घेतला आणि वायरीवरून बोटं फिरवली. ओळखीच्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी.

पुढचा तासभर मी त्यांचे डोळे होते. एक प्लग काढला, त्याला त्याची वायर पुन्हा जोडली आणि प्लगचं धातूचं अंग इंजिनला टेकवून, मोकळ्या झालेल्या भोकापासून लांब ठेवलं. मी तिथे बघत उभी राहायचं, त्यांनी आत बसून किल्ली फिरवायची, असं ठरलं. ते चालकाच्या जागेवर बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि जरा वेळ तसेच राहिले. मी घाई केली नाही.

इंजिन फिरलं. प्लगच्या टोकाशी काहीच दिसलं नाही.

मग कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे सगळ्या प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाकडे, जाणारी जाड वायर तिकडून सोडवून, रबरी मुठीच्या पकडीने धातूजवळ धरली. तिथेही काही नाही. "म्हणजे प्लगांचा दोष नाही," काका म्हणाले. "करंट त्याच्याही आधी कुठेतरी अडलाय."

बल्बचा चिमटा गाडीच्या अंगाला लावला आणि सळई कॉइलच्या येणाऱ्या बाजूला टेकवली. बल्ब लागला. कॉइलपर्यंत करंट येत होता. मग जाणाऱ्या बाजूला टेकवून त्यांनी किल्ली फिरवली आणि विचारलं, बल्ब लुकलुकतोय की एकसारखा पेटलाय? एकसारखा, मी म्हटलं. डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन छोटे पॉइंट असतात, इंजिन फिरलं की ते मिटतात आणि उघडतात, त्याबरोबर बल्बनेही लुकलुकायला हवं, हे त्यांनी मला समजावलं. तो लुकलुकत नाही, याचा अर्थ करंटला पुढे वाटच मिळत नव्हती.

"पॉइंट काळे पडले असणार," ते एकदम खात्रीने म्हणाले. झाकण काढलं. खरंच काळे होते. त्यांनी कानशीने हलकेच घासले, मी फडक्याने पुसले. पुन्हा किल्ली फिरवली. बल्ब एकसारखाच.

काकांचा चेहरा उतरला. ते गाडीच्या कडेला टेकून उभे राहिले, हात फडक्याला पुसत राहिले. म्हणाले, "कुणाला तरी बोलवा सिस्टर. मी तुमचा वेळ खाल्ला. आता हे माझं काम राहिलं नाही."

खिडकी उघडीच होती. आतून काकूंचा आवाज आला, अगदी रोजच्या सुरातला. "घाई केलीत की तुमचं चुकतं. दुकानातसुद्धा असंच व्हायचं. चहा घ्या आणि पुन्हा पहिल्यापासून या."

चहा मीच केला. काकांनी तो उभ्यानेच घेतला आणि कप माझ्या हातात देताना विचारलं, "ती ठेचकाळायची कधी? उभी असताना की पाय दाबल्यावर?"

पाय दाबल्यावर, मी म्हटलं. चढावर तर हमखास.

ते पुन्हा वाकले. पॉइंट ज्या चकतीवर बसवलेले असतात, ती चकती वेग वाढला की थोडी सरकते. तिच्याबरोबर एक बोटभर लांबीची वायर रोज हजारदा वाकते. काकांनी ती वायर चिमटीत धरली आणि हलकेच ताणली. मग माझं बोट तिथे नेऊन ठेवलं. वरचं आवरण अख्खं होतं, कुठे चिरसुद्धा नाही, पण मधे एका जागी ते रबरासारखं लांबत होतं.

"आत तांबं तुटलंय," ते म्हणाले. "डोळस माणसाला हे दिसलं नसतं. त्या गॅरेजवाल्यालाही दोष देऊ नका."

तशी मऊ, बारीक तारांची वायर दुसरी कुठून आणायची, असं मी विचारेपर्यंत त्यांनी टेस्टिंगच्या बल्बची वायर पकडीने कापली होती. बोटापेक्षा थोडा लांब तुकडा. टोकं सोलली, तारा पिळल्या, जुन्या वायरीच्या टोकांच्या धातूच्या कड्या काढून यावर दाबून बसवल्या आणि ती जागेवर जोडली. हे सगळं त्यांनी एकट्याने केलं. मी नुसती बघत होते. सहा वर्षं गुडघ्यांवर पडून राहिलेले ते हात एकदाही चाचपडले नाहीत.

झाकण बसवलं. प्लग अजून बाहेरच टेकवलेला होता. या वेळी त्यांनी मला किल्ली फिरवायला पाठवलं आणि स्वतः कान जवळ नेऊन उभे राहिले. भर उन्हात मला ठिणगी दिसली नसती. त्यांना ऐकू आली.

"टक टक टक," ते म्हणाले. "पडतेय. सुरेख पडतेय."

प्लग जागेवर गेला आणि गाडी पहिल्याच फेरीत सुरू झाली. काका बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते. इंजिनची थरथर त्यांच्या हातातून खांद्यापर्यंत जाताना दिसत होती. मी आभार मानायला गेले, तर त्यांनीच माझे दोन्ही हात धरले. तेलकट झाले ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "सिस्टर, तुम्ही थांबलात," एवढंच म्हणाले.

आजोबांचं इंजेक्शन बाराच्या आत झालं.

नवी वायर बसवून घ्यायला मी दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेले आणि घडलेलं सगळं सांगितलं. गॅरेजवाला आधी ओशाळला, मग त्याने काकांनी बसवलेला तो तुकडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. त्याच आठवड्यात तो काकांच्या दारात येऊन उभा राहिला. जुन्या गाड्या अजून येतात, म्हणाला, पण त्यांचं ऐकणारं माणूस राहिलं नाही. येता का? सकाळी मी न्यायला येतो.

काका दोन दिवस नाही म्हणत होते. तिसऱ्या दिवशी काकूंना इस्त्रीचा शर्ट कुठे आहे ते विचारलं. काकूंना अजून उठता येत नव्हतं, म्हणून तो मीच काढून दिला.

पुढच्या महिन्यात काकूंची जखम भरली. शेवटच्या दिवशी त्या वॉकर धरून दारापर्यंत मला सोडायला आल्या. काका कामावर गेलेले, खुर्ची रिकामी. मी विचारलं, आता घरात एकटं वाटत नाही ना?

काकू हसल्या. "अगं, आता बोलतात ते. आल्यापासून सगळ्या गाड्यांचं सांगत बसतात. मला झोप लागली तरी थांबत नाहीत."