धृपद धरायला कोणी नाही

साठ सालच्या आसपास मी कतारमधल्या दुखानला नवी नवरी म्हणून आले, वीस वर्षांची आणि पुरती दीडशहाणी. आमचे हे तेल कंपनीत क्लार्क. मला मॅडम व्हायचं होतं, म्हणून एका फिटरच्या गोऱ्या बायकोकडे इंग्रजी शिकायला जायची.

ती स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरची, तिची बोली गेलिक. भिजवलेलं ब्लँकेट टेबलावर आपटत ती गायची आणि प्रत्येक ओळीनंतर थांबायची. तिच्या गावी नवं लोकरी कापड घट्ट व्हावं म्हणून बायका मिळून असंच आपटत. एकीने गायचं, बाकीच्यांनी धृपद धरायचं.

"तुमचा मुलगा आहे की घरात," मी म्हटलं.

"त्याला लाज वाटते. तू धर ना! चारच शब्द आहेत. एकटीने म्हटलं की गाणं अर्धंच राहतं, आणि माझ्यामागे तेवढंही उरणार नाही."

"असलं खेडवळ नको हो, मॅडम," मी नाक मुरडलं. "मला इंग्रजी गाणं शिकवा."

तिने हात पुसले आणि शिकवलं.

त्यानंतर माझ्यादेखत तिने ब्लँकेट मुकाट्यानेच आपटलं. मला, मूर्ख बाईला, वाटलं, बरं झालं, आता शिकवणी वेळेवर सुरू होते.