सातवी फेरी

चहा पूर्ण निवल्याशिवाय ती तोंडाला लावायची नाही. फोनवर आधी विचारायची, "जेवलीस का?" पेनाचं टोपण चावायची. एकदाच मोजलेला आकडा खरा मानायची नाही.

अम्मारा माझी कान्हे गावातली मैत्रीण, शाळेपासूनची. मी साहित्य शिकले. ती पुण्यात महासंगणकांची परीक्षा घ्यायला लागली.

"म्हणजे करतेस काय?"

"एकच अवघड गणित प्रत्येक मशीनला घालायचं. किती वेळ लागला आणि उत्तर दर वेळी तेच आलं का, बघायचं."

"मास्तरीणच की."

"छडी नसलेली."

जूनमध्ये नवं मशीन आलं. गणित होतं पावसात डोंगर कधी सरकतो याचं. डोंगर तिनंच निवडला, लोणावळ्याच्या अलीकडचा. पायथ्याशी तिची खाला, म्हणजे मावशी, कमरजहाँ, एकटी राहते. जुन्या मशीनला एका फेरीला नऊ तास लागत, नव्याला चाळीस मिनिटं. दहा फेऱ्या ठरल्या होत्या. सहांत डोंगर उभा राहिला. सातवीत खाली आला, आणि तिनं पुढच्या थांबवल्या. पाऊस तोच, माती तीच.

तिचे साहेब म्हणाले, "ती एक फेरी सोडून दे. वेग बघ ना."

तिनं अहवालावर सही केली नाही. मला म्हणाली, "मशीन चुकलं असेल तर बरं गं."

"आणि नसेल चुकलं तर?"

"दर फेरीत मशीन बेरजा वेगळ्या क्रमानं करतं, त्यानं शेवटच्या अंकात केसभर फरक पडतो. तेवढ्यानं डोंगर पडत असेल, तर तो काठावरच उभा आहे."

आम्ही दोघी खालाला आणायला गेलो. खाला हसली. "तुजं मशीन सहांदा न्हाई म्हनतं, एकदा व्हय. म्या कुनाचं ऐकू? आन् कोंबड्या कुटं ठिऊ?"

आम्ही दोघीच परत आलो. दुसऱ्या दिवशी तिनं तेच गणित जुन्या मशीनवर लावलं. पुन्हा दहा फेऱ्या. तिथंही डोंगर एकदा जरी पडला, तर दोष मशीनचा नाही, हे खालाला ठणकावून सांगता येणार होतं.

तिसरी फेरी चालू असताना ती खुर्चीवरून कोसळली. मेंदूत रक्तस्राव. ती एकोणतीस वर्षांची आहे. आज अकरावा दिवस, डोळे उघडलेले नाहीत. तिचे अब्बा, सरदारचाचा, अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसून असतात. लोणावळ्यात चार दिवस पाऊस थांबलेला नाही.

खाला रोज फोन करते. "शुद्दीवर आली का गं?" मग, "आन् मशीन काय म्हनलं?"

मी अम्माराच्या ऑफिसात विचारलं. दोन फेऱ्या पुऱ्या झाल्या, दोन्हींत डोंगर उभा. तिसरी चार तासांवर कुणीतरी थांबवली. उरलेल्या लावलेल्या नाहीत.